सर्कशीला गेलेले निकम मास्तर

अण्णा शिरगुप्प्यांचा त्यात तिहेरी फायदा होता, आणि तो त्यांनी मला चहाच्या बशीवर फुंकर घालत, एकेक बोट दुमडून सांगितला. अर्धं पान बसल्या जागी भरेल, वार्ताहरांच्या विनवण्या करायला नकोत. माळ्यावर तीस वर्षं वाळवीसाठी जपून ठेवलेल्या फायली कामी येतील. तिसरं बोट दुमडताना ते हसले.

"आणि वसगडेकर, मेलेली माणसं खुलासा पाठवत नाहीत."

माझाही एक फायदा होता, तो मी बोललो नाही. सांगलीच्या एका दैनिकात जागा निघणार होती. त्यांनी कात्रणं मागवली होती, आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखं म्हणजे बाजारभाव आणि निधनवार्ता. विट्याच्या मागच्या गल्लीतून दर गुरुवारी निघणाऱ्या 'येरळाकाठ' साप्ताहिकाचा मी उपसंपादक होतो, म्हणजे मुद्रितं तपासायची, जुळारी आला नाही तर छपाईचे खिळे जुळवायचे आणि अंकांवर पत्ते चिकटवायचे. वय सव्वीस. स्वतःबद्दलचा अंदाज त्याहून बराच मोठा.

सदराचं नाव ठेवलं 'तीस वर्षांपूर्वी, आणि पुढे'. जुन्या अंकातला एक मथळा जसाच्या तसा द्यायचा आणि पुढे काय झालं असेल ते आपल्या मनाने लिहायचं. पहिला मथळा होता 'नगरपालिकेच्या दिव्याच्या खांबास म्हैस बांधल्याबद्दल दंड'. मी लिहिलं, की दंड भरून मालकाने म्हैस गोठ्यात नेली. पण तिला उजेडात रवंथ करायची सवय लागल्यामुळे ती अंधारात दूध देईना. शेवटी नगरपालिकेने ठराव करून तिच्यासाठी गोठ्यात एक खांब रोवला आणि मालकाला त्या खांबाला माणसं न बांधण्याची ताकीद दिली. पुढच्या आठवड्यात 'भजनी मंडळाच्या दोन गटांत समेट'. समेटानंतर दोन्ही गटांचा आवाज बसला, कारण इतकी वर्षं ते देवासाठी नव्हे तर पलीकडच्या गल्लीला ऐकू जावं म्हणून गात होते. गावाने हात जोडून त्यांना पुन्हा भांडायला लावलं.

लोक हसले. म्हशीच्या मालकाचा नातू स्वतः येऊन तीन अंक जास्तीचे घेऊन गेला, तेव्हा मला वाटलं, सांगली आता लांब नाही.

भाद्रपदात अण्णा कागद आणायला कोल्हापूरला गेले आणि तिथे पाठ धरल्यामुळे मुलीच्या घरी अडकून पडले. त्यांच्या माघारी मी माळ्यावरून एकोणपन्नास सालची फाईल काढली, आणि डिसेंबरच्या एका अंकात पहिल्याच पानावर, चौकटीत, माझं नशीब सापडलं: 'सर्कस पाहावयास गेलेले शिक्षक परत आले नाहीत'. बोरझरीच्या शाळेतले शिक्षक श्री. ज्ञानू विठोबा निकम, वय एकोणतीस, सोमवारी तालुक्यास सर्कस पाहावयास आले ते अद्याप घरी पोचले नाहीत. सर्कशीचा मुक्काम दुसऱ्या दिवशी हलला. बस, एवढंच. इतकी तयार बातमी देवही रोज देत नाही.

मी एका बैठकीत लिहून काढलं. मास्तर तंबूत शिरले ते पिंजऱ्यासमोर उभे राहिले. सिंह पाय पसरून बसला होता. तीस पोरं सांभाळणाऱ्या माणसाला ते बघवेना. मास्तर म्हणाले, नीट बस. सिंह नीट बसला. मालकाने तिथल्या तिथे मास्तरांना ठेवून घेतलं. मग झोक्यावरच्या मुलींना पुस्ती, हत्तीला कान धरून उठाबशा, अस्वलाला सायकल सुटल्यावर शुद्धलेखन. सिंहाची पावकी, निमकी झाली, पण औटकीला, म्हणजे साडेतिनाच्या पाढ्याला, तो अडला तो अडलाच. शेवट असा केला: 'सध्या मास्तरांचा मुक्काम मद्रासकडे असून सिंह चौथी पास झाल्याखेरीज त्यांना रजा मिळण्याची शक्यता दिसत नाही.'

मी कात्रण कापून त्याच दिवशी सांगलीला टाकलं. ते माझं सगळ्यात चांगलं लिखाण होतं. आजही आहे.

पाचव्या दिवशी दुपारी छापखान्याच्या दारात एक माणूस चपला काढून उभा राहिला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांच्या टोकांना आम्लाचे पिवळे डाग. आमच्या भागातले लोक सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगलेले आहेत, त्यामुळे डाग बघून धंदा कळला. नाव संपत निकम. कोइमतूरला दुकान. सर्कशीला गेलेले मास्तर त्याचे सख्खे चुलते.

तो भांडायला आला नव्हता, आणि तेच मला जड गेलं. त्याने शांतपणे सांगितलं त्याचा सारांश असा. मास्तरांची बायको, सगुणाकाकी, त्यांच्याच घरी असते. एखादा माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला, तर त्याचा पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो मेला असं धरून सुतक पाळायचं, असा रिवाज. काकीने बाराव्या वर्षी नाही म्हटलं, विसाव्या वर्षी नाही म्हटलं. संपतच्या मुलीची दोन स्थळं ठरून मोडली तेव्हा भावकी म्हणाली, घरात माणूस अधांतरी लटकतोय, शुभ कार्य कसं होणार? यंदा काकीने कधी नव्हे ती मान डोलावली. सर्वपित्री अमावास्येचा मुहूर्त धरला, भटजींनी काड्या तोडून आणवल्या, आणि संपत दुकान बंद करून कोइमतूरहून आला.

"आणि गुरवारी तुमचा पेपर आला," संपत म्हणाला. "काकी म्हणती, जित्या माणसाला जाळू कशी? मद्रासकडं हायेत म्हणून छापलंय."

तिने त्याला बसवून पाच ठिकाणी तारा करायला लावल्या होत्या. आमचे लोक नाहीत असं गाव मुलखात नाही, त्यामुळे उत्तरंही आली होती. सेलमच्या मेहुण्याची तार त्याने मला दाखवली. सर्कस आहे, सिंह आहे, मराठी कोणी नाही.

मला हसू आलं आणि ते मी खोकल्यात घातलं. संपतने ते पाहिलं. त्याचं मागणं एवढंच होतं, की मी बोरझरीला यावं आणि ज्याने लिहिलं त्यानेच काकीला सांगावं. अमावास्येला पाच दिवस होते.

सगुणाबाई सोप्यात चष्मा लावून बसल्या होत्या. मला वाटलं होतं तितक्या म्हाताऱ्या नव्हत्या, एकोणपन्नाशीच्या असतील. ठसठशीत कुंकू. पुढ्यात माझं सदर, चार घड्या करून. संपतने ओळख करून दिली तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि मला बसायला पाट दिला. मग कागद उलगडून, बोट ठेवून त्यांनी वाचलं, "औटकीला अडला."

"सगळेच अडतात, मावशी."

"मीबी अडायची. लगीन होऊन आले तवा मला अक्षर येत नव्हतं. ह्यांनीच शिकवलं. औटकी न्हाईच आली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मावशी, मी तेच सांगायला आलोय. ते सगळं मी मनाने रचलंय. गमतीचं सदर असतं ते."

"सगळं?"

"सगळं. सिंह, पाढे, मद्रास, रजा. सगळं."

त्यांनी चष्मा काढला. "आणि सर्कस?"

तिथे मला खोटं बोलता आलं असतं, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण मी खरं बोलायचं ठरवून आलो होतो.

"सर्कस खरी आहे," मी म्हणालो. "तेवढी त्या वेळच्या पेपरात आलेली बातमी आहे."

"मग झालं की," सगुणाबाई म्हणाल्या. "गेले ते खरं. म्होरं काय झालं ते तुम्हाला ठावं न्हाई, म्हणून तुम्ही मनानं घातलं. पण म्होरं कायतरी झालंच असंल का न्हाई?"

संपत खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता.

मग त्या बोलत राहिल्या, माझ्याशी कमी आणि त्या कागदाशी जास्त. मास्तरांना गर्दीचा तिटकारा होता, जत्रेतसुद्धा लांब उभे राहायचे. त्या सोमवारी जाताना फक्त म्हणाले होते, जाऊन येतो. त्याआधी दोन महिने रात्री झोपत नव्हते, जेवण अर्धं टाकून उठत होते. पेपरात आलं तेव्हा घराला कळलं की सर्कशीला गेले. धाकट्या दिराने, म्हणजे संपतच्या वडिलांनी, सर्कशीच्या मागे बेळगाव गाठलं, मग हुबळी, मग धारवाड. गावाने दोन दिवस हळहळ केली आणि तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला, की सर्कशीत बाया असतात, तंग कपड्यातल्या. तिथून पुढे पाणवठ्यावर सगुणाबाईंचं नाव पडलं ते सर्कसवाली. पोरं मागून डरकाळ्या फोडायची. ती पोरं आता बाप झाली होती आणि त्यांची पोरं फोडत होती.

"गेल्याचं न्हाई वाटलं," त्या म्हणाल्या. "मला न सांगता सर्कशीला गेले, ह्याचा राग व्हता. आमचं वाकडं काय झालं व्हतं, ते ह्या सोप्यात बसून तीस वर्सं इचार केला. आता म्हातारे झाले असतील. दमून आले, आणि हितं आपण त्यांना जाळून बसलोय, असं नको व्हायला."

मी परत आलो तेव्हा अण्णा कोल्हापूरहून आले होते. पाठीला पट्टा बांधून, खुर्चीत ताठ बसून ते मागचा अंक वाचत होते. मी बोरझरीचं सगळं सांगितलं. जरा रंगवूनच सांगितलं. सेलमची तार, सर्कस खरी का खोटी, म्होरं कायतरी झालंच असंल. अण्णा हसतील अशी माझी कल्पना.

अण्णा म्हणाले, "फाईल आण."

मी एकोणपन्नासची फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती चौकट उघडली आणि तिच्यावर पंजा पसरून ठेवला.

"ही बातमी मी केली. बावीस वर्षांचा होतो. मास्तरांचा धाकटा भाऊ चार ओळी लिहून घेऊन आला. घरातून निघून गेले, अमक्या वर्णाचे, सापडल्यास कळवावे. असल्या चार ओळी कोण वाचतो, वसगडेकर? शेवटच्या पानावर जाहिरातीखाली जातात. त्या आठवड्यात गावात सर्कस होती. मी घातली."

"म्हणजे?"

"म्हणजे सर्कस मी घातली. पहिल्या पानावर जावी म्हणून. भाऊ म्हणालाच, आमचा दादा सर्कशीला जाणारा नव्हे. मी म्हटलं, असं छापलं तर चारशे माणसं वाचतील आणि सापडतील तुझे दादा. त्याला पटलं. मलाही पटलं होतं, खोटं नाही सांगत. आठ दिवसांनी तोच येऊन विचारायला लागला, सर्कस कुठल्या दिशेने गेली?"

मग त्यांनी पुढच्या दोन अंकांची पानं न बघताच उलटली. कुठे थांबायचं ते बोटांना माहीत होतं. चौथं पान, तळाला, तीन ओळी. रेल्वेच्या रुळांजवळ एका अनोळखी इसमाचे प्रेत मिळाले. वय अंदाजे तीस. अंगात कोट, खिशात खडूचे दोन तुकडे. वारस न मिळाल्याने सरकारी खर्चाने विल्हेवाट लावण्यात आली.

मी ते पान बघितलेलं होतं. फाईल चाळताना डोळ्यांखालून गेलं होतं, आणि यात गंमत नाही म्हणून मी पुढे गेलो होतो.

"तुम्ही हे तेव्हा वाचलंत?"

"मुद्रित मीच तपासलं."

"मग?"

"मग काय." अण्णांनी फाईल मिटली. "भाऊ तेव्हा हुबळीला होता. त्याच्या घरी हे दाखवायचं तर आधी सर्कस कुठून आली ते सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सर्कस खरी झाली. नंतर नंतर तर मलाच वाटायला लागलं, की असेल बाबा, गेलाही असेल."

मी म्हटलं, तुम्ही माझ्याबरोबर चला. ते स्वतःच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू जा, माझं नाव सांग, मी नाही म्हणणार नाही. नाव सांगायला त्यांची हरकत नव्हती. तोंड दाखवायला होती.

दुसऱ्या दिवशी फाईल सायकलच्या मागे बांधून मी बोरझरीला गेलो. सगुणाबाईंनी आधी चौकट वाचली. मग मी चौथं पान काढून दिलं, आणि अण्णांनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी त्या तीन ओळी दोनदा वाचल्या. दुसऱ्या वेळी ओठ हलले नाहीत. आत स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापत होतं, तो आवाज थांबला.

मी शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे सर्कशीला गेलेच नव्हते."

"नाही."

"मला न सांगता गेले नव्हते."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. एकोणीस वर्षांची सून कशी दिसत असेल ते मला त्या क्षणी दिसलं, आणि ते मला नको होतं. मग त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि व्यवहाराचं बोलल्या. बोलताना माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आवसेला मी पुतळ्याला अग्नी देते. संपतच्या पोरीचा खोळंबा नको. तुम्ही त्याच्या म्होरल्या गुरवारी पेपरात छापा. मास्तर सर्कशीला गेले नव्हते, ते पेपरवाल्यानं घातलं व्हतं. पयल्या पानावर. गावानं वाचाय पायजे."

मी म्हणालो, छापतो.

अमावास्येला सकाळी येरळेच्या पात्रात, वाळूच्या कोरड्या पट्ट्यावर त्यांनी तीनशेसाठ काड्यांचा माणूस केला. भटजी काड्या मोजत होते, दोनदा चुकले आणि दोनदा पहिल्यापासून मोजू लागले. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. यानंतर माणूस परत आलाच तर त्याचं नव्याने बारसं करावं लागतं, असं भटजींनी रीतीप्रमाणे सांगितलं, तेव्हा मागे कुणीतरी दबक्या आवाजात डरकाळी फोडली आणि दोघं-तिघं हसले. सगुणाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. धूर निघाला, नारळ फुटला. बायकांनी त्यांना पाण्याकडे नेलं. परत आल्या तेव्हा कपाळ इतकं मोकळं होतं की मी दुसरीकडे बघायला लागलो. जाता जाता माझ्यासमोर थांबल्या.

"माझं झालं," त्या म्हणाल्या. "आता तुमचं."

बुधवारी दुपारी मी स्वतः खुलाशाचे खिळे जुळवले. मथळा धरून सहा ओळी. जुळारी जेवायला गेला होता. अण्णा पट्टा सावरत आले, चष्मा वर करून त्यांनी उलटी अक्षरं वाचली. आयुष्य त्यात गेलेलं, त्यांना आरसा लागत नसे.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "छाप. पण एक विचार कर. उद्या गाव विचारेल, अण्णाने आणखी काय काय घातलं होतं? पेपर बंद होईल, ते जाऊ दे. माझं वय झालंय. पण सांगलीहून पत्र आलंय. तुझं मास्तरांचं कात्रण आवडलंय त्यांना. माझी चिठ्ठी मागितलीय. खोट्या बातम्या घालणाऱ्या संपादकाची चिठ्ठी कोण वाचणार?"

त्यांनी मला अडवलं नाही. हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला वेगळं सांगत आलो, पण त्यांनी अडवलं नाही. एवढं बोलून ते पाठ टेकायला आत गेले.

मी जुळणीभोवतीचा दोरा सोडला. ओळी मोकळ्या केल्या आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकला. जुळारी आला तेव्हा माझी बोटं काळी होती. त्या गुरुवारी पहिल्या पानावर ऊसदराची सभा गेली.

महिन्याभरात मी सांगलीला रुजू झालो. दोन वर्षांनी संपत तिथल्या सराफकट्ट्यावर भेटला. त्याने आग्रह करून चहा पाजला. मुलीचं छान चाललंय म्हणाला. काकीने पेपरची वर्गणी लावलीय, गुरुवारी एस.टी.च्या थांब्यावर गठ्ठा उतरायच्या आधी जाऊन बसते, आणि घरी आणून पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचून काढते. मी विचारलं, काही म्हणतात का? तो म्हणाला, "न्हाई. म्हणती, ह्या हप्त्यात नसंल, म्होरल्या हप्त्यात असंल." खुलाशाचं त्याला माहीत होतं. त्याने विचारलं नाही, आणि त्या चहाची चव अजून माझ्या तोंडात आहे.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्यावरचा लेख मीच लिहिला. निर्भीड हा शब्द दोनदा आला. सगुणाबाई त्यानंतर वर्षाने गेल्या. त्याची बातमी आली नाही.

अण्णांनी एक ओळ घातली होती आणि मी अर्धं पान. अण्णांना साठीला तालुक्याने शाल दिली. मला सांगली मिळाली. संपतच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात, धरल्या मुहूर्ताला लागलं. सगुणाबाईंनी कुंकू दिलं, त्याच्या आधीची तीस वर्षं दिली, आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांचे सगळे गुरुवार.